ओटीपी माझ्या फोनवर यायचा

मस्कतमधल्या बौशरच्या आमच्या ऑफिसात सकाळी साडेआठला पहिली हाक यायची, "ओटीपीऽऽ!" आणि मी कुठेही असलो, अगदी पँट्रीत करक चहात बिस्किट बुडवत असलो तरी, खिशातून फोन काढून सहा आकडे ओरडायचो. चार, शून्य, नऊ, नऊ, दोन, एक! पलीकडून कोणीतरी म्हणायचं, "अरे वेळ संपला, नवीन सांग!" नवीन सांगायचो. दिवसातून दहा-बारा वेळा व्हायचं हे. आणि खरं सांगू? मला जाम आवडायचं.

थांबा, आधी नीट सांगतो. आमची कंपनी छोटी, सहा जणांची. अल मवालेहच्या भाजी-फळ मार्केटातल्या व्यापाऱ्यांसाठी आम्ही प्रोग्राम बनवतो. ट्रकमधून टोमॅटोचे किती क्रेट उतरले, वजन किती, कोल्ड स्टोअरला काय गेलं, ते काट्याशेजारच्या स्क्रीनवर दिसतं. हा प्रोग्राम नेटवर एका ठिकाणी ठेवलेला असतो, त्याला आम्ही रेपो म्हणतो. रेपोत शिरायला पासवर्ड, आणि पासवर्डनंतर फोनवर सहा आकडी ओटीपी. आणि सहा जणांत लॉगिन एकच! कंपनी सुरू झाली तेव्हा ऑफिस चालवणाऱ्या आमच्या सरांनी बनवलेलं, ओनरचं. ओनर म्हणजे रेपोचा मालक, माणसं आत घेणार, बाहेर काढणार, वाटलं तर सगळं पुसून टाकणार. आम्ही सहाही जण रोज मालक बनूनच आत शिरायचो.

ओटीपी आधी एका सीनियरच्या फोनवर यायचा. तो कॅनडाला निघाला तेव्हा त्याने सरांना विचारलं, आता कोणाचा नंबर टाकू? सरांनी मान वर केली तर समोर मी. मला येऊन तीन आठवडे झालेले. सर पुण्याचे, वीस वर्षं मस्कतमध्ये काढली तरी बोलणं तिथलंच. म्हणाले, "ह्याचा टाक. हा कुठे जातोय?"

बस, तिथून मी मोठा झालो! मी कणकवलीकडचा, कॉलेज रत्नागिरीचं, प्रोग्रामिंग बरं म्हणावं इतपत. पण ओटीपी माझ्याकडे. शुक्रवारी सुट्टीला रूमवर कपडे धूत असलो तरी बरक्याहून काकांचा फोन. काका म्हणजे आमच्या मशीन जागेवर बसवणारे, देवगडचे, माझ्या बाबांच्या वयाचे. "रे, इलो काय तुझो ओटीपी? हंय उन्हात उभो आसंय." मी साबणाच्या हाताने फोन उघडायचो. दर महिन्याला ते मला बरक्याच्या मासळी बाजारातून कनाद आणायचे, म्हणजे आपली सुरमई, आणि म्हणायचे, "ओटीपीचो नैवेद्य." कंपनीचे ओमानी मालक, सगळे त्यांना अर्बाब म्हणतात, मंगळवारी यायचे तेव्हा माझ्या खुर्चीपाशी थांबून हिंदीत विचारायचे, "ओटीपी भाई, कैसा है?" बाकी कोणापाशी थांबायचे नाहीत.

मग एका मोठ्या कोल्ड स्टोअरवाल्यांचं पत्र आलं. आमच्याबरोबर काम करायचं असेल तर प्रत्येकाचं लॉगिन वेगळं हवं, प्रत्येकाची चावी वेगळी हवी, कोणाची चावी कुठे आहे त्याची यादी हवी. आणि हे सगळं करायला ती आली.

ती मस्कतचीच. इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकलेली, आईवडील ठाण्याचे. माझ्यापेक्षा वर्षाने लहान! पहिल्या दिवशी माझ्या शेजारी बसली, आणि साडेआठ वाजले. "ओटीपीऽऽ!" मी ओरडलो. तिने हेडफोन काढले.

"हे काय होतं?"

"ओटीपी."

"ते कळलं. तू लाऊडली का बोलला?"

"मग कसं बोलणार? सहा जणांना हवा असतो."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग सगळ्या ऑफिसकडे पाहिलं, आणि हसली. वाईट हसली नाही, हे आज कळतं. त्या दिवशी मला वाटलं, हिने माझी नोकरीच हसण्यावारी नेली.

तेव्हापासून मी मोजायला लागलो. सर तिच्या टेबलापाशी किती वेळ उभे राहतात. तिला चहा विचारतात का. विचारतात! मला वीस महिन्यांत कधी नाही विचारला. मंगळवारी अर्बाब आले, "ओटीपी भाई" म्हणाले, तेवढ्यात ती अरबीत काहीतरी बोलली. ते हसले, खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसले. दहा मिनिटं! मला अरबीत यल्ला, खलास आणि इन्शाल्ला येतं, आणि ह्या तिन्ही शब्दांवर कोणी खुर्ची ओढून बसत नाही. ती मराठी बोलताना अडखळायची तेव्हा मला मनातून बरं वाटायचं. एवढ्यावर आलो होतो.

तिने सगळ्यांना मीटिंग रूममध्ये बसवून चावी समजावली. (ऑफिसात सगळे 'की' म्हणतात, मी लिहिताना चावीच म्हणतो.) काका पण आले होते त्या दिवशी.

"बघा," ती म्हणाली, "कंप्युटर दोन फाइल बनवतो. एक लॉक आहे, एक चावी आहे. लॉक कोणाला पण द्या. रेपोला द्या, मला द्या, नो प्रॉब्लेम. पण चावी तुमच्या लॅपटॉपच्या बाहेर नाही जायची. कोणाला नाही द्यायची. आईला पण नाही."

"माझ्या आवशीक ती कित्याक व्हयी?" काका म्हणाले. सगळे हसले, तीसुद्धा, तिला कळलं नव्हतं तरी.

मी हसलो नाही.

कारण माझी चावी लॅपटॉपच्या बाहेर होती. वर्षभरापूर्वी काका मार्केटात मशीन बसवत होते, तिथे नेट रडत होतं, मी ओटीपी सांगेपर्यंत त्याचा वेळ संपायचा. पाच वेळा झालं, सहा वेळा झालं. शेवटी मी माझ्या लॅपटॉपवर चावी बनवली, कुलूप रेपोला लावलं आणि चावीची फाइल सरळ व्हॉट्सअ‍ॅपवर काकांना पाठवली. "ही टाका, परत ओटीपी नको." काकांनी टाकली. वर मी एक हुशारी केली होती. मशीन सुरू झाली की ती आधी ह्या चावीने रेपोतून ताजा प्रोग्राम घेणार, मगच स्क्रीन उघडणार. रेपोने आत नाही घेतलं तर? ते मी लिहिलंच नव्हतं. घेणार की, माझी चावी आहे!

म्हणजे मार्केटातल्या टेबलाखाली, कांद्याच्या सालींत बसलेल्या एका डब्यात माझी चावी वर्षभर पडून होती. ती घेऊन कोणीही मी बनून रेपोत शिरलं असतं आणि हवं ते बदललं असतं. हे मला त्या मीटिंगमध्ये, तिच्या मोडक्या मराठीतून कळलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तिने यादी फिरवली. नाव, लॉगिन, चावी कुठे आहे. मी लिहिलं, 'फक्त माझा लॅपटॉप'. लाज वाटली म्हणून लिहिलं, तेवढंच. पण मग संध्याकाळी सर म्हणाले, "आता ओनर दोनच. एक मी. दुसरा कोण, ते रविवारी जुनं सगळं काढून झालं की ठरवतो."

दुसरा मीच ना? वीस महिने ओटीपी कोणी सांभाळला? पण सर हे बोलताना तिच्या स्क्रीनकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "मवालेहची मशीन प्रोग्राम कुठून घेते?"

आणि माझं तोंड आपोआप बोललं, "ती रेपोला हात लावत नाही. काका पेन ड्राइव्हने टाकतात."

हे लाजेतून नव्हतं. हे आता टाइप करतानाही बोटं अडतायत, पण लिहितो. माझ्या डोक्यात पूर्ण चित्र तयार होतं. रविवारी ती जुन्या चाव्या काढणार. सोमवारी सकाळी मार्केटातली मशीन बंद पडणार. सगळे तिच्याकडे बघणार, ती यादी बघणार, यादीत काही नसणार. मग मी उठणार, दोन मिनिटांत ठीक करणार, आणि सर म्हणणार, बघा, शेवटी हाच लागतो.

रविवारी ती एकेक चावी नाव वाचून काढत होती. माझी आली.

"ही तुझी ओल्ड वाली. बाकी कुठे नाही ना? शुअर?"

"शुअर."

तिने बटण दाबलं. मला नवीन लॉगिन मिळालं, माझ्या नावाचं, नवीन चावी, तिला वेगळा पासवर्ड. सगळ्यांनाच मिळालं. त्या दिवशी ऑफिसात एकदाही हाक आली नाही. सगळे आपापले आत शिरत होते, शांतपणे. दुपारी जेवताना मी फोन ताटाशेजारी उलटा नाही, सुलटा ठेवला होता. काही वाजलं नाही.

सोमवारी मी सातलाच ऑफिसात. का, ते सांगायला नको. पण तीही आली होती आणि सरही. सव्वासातला माझा फोन वाजला. काका!

"रे, स्क्रीन काळो पडलोहा. काय येना नाय त्येच्यार."

मागून आरडाओरडा ऐकू येत होता. "यल्ला यल्ला, टमाटर गल रहा है भाई!" ट्रकचे हॉर्न. कोणीतरी क्रेट आपटत होतं. मी मुद्दाम मोठ्याने म्हणालो, "काय, मवालेहची मशीन बंद?" ती वळली. तिने यादी उघडली, वर खाली केली, परत वर.

"लिस्टमध्ये नाहीये," ती म्हणाली. "सर, मी चेक केलं होतं. मी काल काढलेल्या चावीमुळे असेल तर... मला नाही माहीत. सॉरी. मी काहीतरी मिस केलं."

तिचा आवाज बारीक झाला होता. मला बरं वाटलं. हो, वाटलं. दोन-तीन वाक्यांपुरतं.

सर म्हणाले, "ती मशीन रेपोला जातच नाही ना? पेन ड्राइव्हवर चालते ना? मग काकांनीच काहीतरी उद्योग केलाय. फोन स्पीकरवर टाक." मी टाकला. "काका, शेवटचं पेन ड्राइव्हने काय घातलंत मशीनमध्ये? खरं सांगा. व्यापारी माझ्या नावाने शंख करतोय."

"सायबानु, माझ्याकडे पेन ड्राइव्हच नाय."

"काका, चिडत नाहीये मी. पण न विचारता काही टाकलं असेल तर—"

"नाय टाकलंय. वीस वर्सां मशिनी लावतंय, माका कोणी असा विचारूक नाय." आणि मग जरा थांबून, हळू आवाजात, मला, "रे, तू सांग मरे सायबांका. तुका म्हायत आसा ना?"

त्यांना माहीतच नव्हतं की पेन ड्राइव्हचं मी सांगितलंय. त्यांना वाटत होतं मी त्यांच्या बाजूने बोलीन.

मी बोललो. म्हणजे घशातून काय निघालं ते आठवत नाही, पण अर्थ हा की काकांनी काही केलेलं नाही, मशीनमध्ये माझी चावी आहे, मीच पाठवली होती, पेन ड्राइव्ह खोटं होतं, आणि यादीही खोटी होती.

सरांनी चष्मा काढला. "वीस महिने सहा आकडे ओरडत होतास. एवढं एक वाक्य ओरडायला काय झालं होतं?"

काका फोनवर होतेच. फोन कट झाला.

मी दोन मिनिटांत ठीक करीन असं जे चित्र होतं ना, ते मी सांगितलंही नाही, कारण आता मला करू कोण देणार होतं? सर तिला म्हणाले, तू जा, आणि ह्याला घेऊन जा, कुठे काय केलंय ते दाखवायला. तिच्या गाडीतून गेलो. माझं लायसन्स अजून झालेलं नाही, दोनदा फेल. ती एक्सप्रेसवेवर एका हाताने गाडी चालवत होती. मला त्याचाही हेवा वाटला, अशा वेळीसुद्धा!

ती म्हणाली, "तू का नाही सांगितलं?"

"तुझ्यावर जळत होतो."

"माझ्यावर? का?"

"सर तुला चहा विचारतात."

तिने वळून बघितलं. "मी चहा पीत नाही. मी रोज नाही म्हणते."

"ते मला ऐकू येत नव्हतं. विचारतात तेवढंच दिसायचं."

ती हसेल असं वाटलं, नाही हसली. "मला राग आलाय," ती म्हणाली. "आज तू बोलला, ते ठीक आहे. पण मला राग आलाय. मी सकाळी सरांना सॉरी बोलले, तू तिथेच उभा होता."

मी हो म्हणालो.

मार्केटात काट्यासमोर ट्रक खोळंबलेले, माणसं हाताने वह्यांत वजन लिहीत होती. ती सरळ टेबलाखाली शिरली, गुडघ्यावर. कांद्याच्या साली तिच्या केसांत. तिने त्या मशीनची स्वतःची वेगळी चावी बनवली, जी त्या डब्यातून बाहेर जाणार नाही, आणि जिला फक्त प्रोग्राम वाचायची परवानगी, बदलायची नाही. म्हणजे उद्या कोणी ती चोरलीच तरी रेपोत काही बिघडवू शकणार नाही. मग माझ्या प्रोग्राममधली ती जागा शोधून तिने तिथे दोन ओळी लिहिल्या: रेपोने दार नाही उघडलं तर कालच्या प्रोग्रामवर चालू हो. दोन ओळी! मी वर्षभरात नव्हत्या लिहिल्या. स्क्रीन उजळली, कोणीतरी मागून "खलास, चलो चलो" म्हटलं आणि पहिला ट्रक पुढे आला.

काका पाण्याची बाटली घेऊन आले. माझ्या पुढून गेले आणि तिला म्हणाले, "चेडवा, पाणी पी. किती घामेजलंस." मला ते कधीच झिला-बिला, म्हणजे पोरा वगैरे, म्हणाले नाहीत, मला फक्त रे. मग माझ्याकडे वळून, चढा आवाज न करता, "माझ्या नावार घातलंस तां?" एवढंच विचारलं. मी सॉरी म्हणालो. "बरां," म्हणाले, आणि क्रेट उचलायला गेले.

दुसरी ओनर ती झाली. मंगळवारी सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, अर्ध्या वाक्यात, जसं काही हे आधीच सगळ्यांना माहीत होतं. दोघांसाठी अंगठ्याएवढ्या दोन छोट्या चाव्या आल्या, खऱ्या, हातात धरायच्या, लॅपटॉपला लावून बोट टेकवलं की मालक म्हणून आत. जुन्या अकाउंटवरून माझा नंबर काढला. तिने माझ्यासमोर काढला, "ओके?" विचारून. मी ओके म्हटलं. अर्बाब आले, माझ्या खुर्चीपाशी थांबले, काय म्हणायचं ते त्यांना आठवेना, मग नुसतं "कैसा है?" म्हणाले.

आणि त्या संध्याकाळी रूमवर पासपोर्टचं पाकीट उघडलं, तर त्यात एक घडी घातलेला कागद. माझा नंबर टाकला होता त्या दिवशी रेपोच्या साइटने दहा कोड दिले होते. फोन हरवला तर ह्यातला एक टाका, दार उघडेल. मी प्रिंट काढून ठेवले आणि विसरून गेलो. ते नंबरवर चालत नाहीत. माझा नंबर काढला तरी ते जिवंत होते. पासवर्ड तर मला पाठच होता. म्हणजे अंगठ्याएवढी चावी नसतानाही मी अजून मालक होतो, आणि हे फक्त मला माहीत होतं.

रात्रभर विचार-बिचार काही केला नाही, झोपलो. पण बुधवारी तो कागद खिशात घालून ऑफिसात गेलो आणि दिवसभर खिशाला हात लावून बघत होतो. तिने कोणाला तरी रेपोत घेतलं, माझा हात खिशावर. सरांनी तिला विचारलं, हे पुसू का, माझा हात खिशावर. वापरायचा नव्हता मला. शपथ. नुसता असावा असं वाटत होतं. एखाद्या दिवशी दोघांच्याही चाव्या हरवतील, सगळे घामाघूम होतील, आणि मी... हेच चित्र! तेच परत! सोमवारचं अजून पुसलं नव्हतं आणि मी तेच परत रंगवत बसलो होतो, काळी स्क्रीन, बारीक झालेला आवाज. फक्त ह्या वेळी स्पीकरवर कोण असेल तेवढं मी कोरं ठेवलं होतं.

गुरुवारी दुपारी मी तिच्या टेबलापाशी गेलो आणि कागद ठेवला.

"हे काय?"

"ओनरचे इमर्जन्सी कोड. माझ्याकडे राहिले होते."

तिने उलगडला. एकही खोडलेला नव्हता. तिने बघितलं, तारीख बघितली, मग माझ्याकडे.

"कधी सापडले?"

"परवा."

तिने अकाउंट उघडलं, बोट टेकवलं, एक बटण दाबलं. नवीन दहा कोड आले आणि माझे दहा त्याच क्षणी मेले. तिने कागद मला परत दिला. "हे आता कशालाच चालत नाहीत. फेकून दे," म्हणाली, आणि थोड्या वेळाने, स्क्रीनकडे बघतच, "थँक्स."

नवीन कोड तिने छापले, सरांच्या केबिनमध्ये नेले. काचेतून मला सगळं दिसत होतं. सरांनी लिफाफा बंद केला, चिकटपट्टी लावली. जोडावर आधी त्यांनी सही केली, मग तिला पेन दिलं. तिने केली. लिफाफा कपाटात जाईपर्यंत मी बघत होतो. दोन सह्या होत्या, आणि त्यांच्या उजवीकडे बरीच जागा होती.